माळकरी काका दारू प्यायल्यासारखे का बोलत होते? (थंडी, ओलित आणि आपलं शरीर)

वावरवाला (धागाकर्ता, अमरावती जिल्हा)

मंडळी, मागच्या आठवड्यात घरात जे झालं ते लिहून काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. मेळघाटातून रात्री वारं उतरतं ते थेट आमच्या हरभऱ्यात. या आठवड्यात शेतीची लाईट रात्री बारा ते सकाळी आठ. काका ६८ वर्षांचे, माळकरी, वारी चुकवत नाहीत, चहा सोडला तर कसलंच व्यसन नाही. धोतर, बंडी, वर स्वेटर, कानाला दुपट्टा बांधून साडेअकराला निघाले. स्प्रिंकलरचे पाईप दर तीन तासांनी पुढच्या पट्ट्यात न्यावे लागतात. तीनच्या बदलीला एक कपलर नीट बसला नाही, दाबानं निसटला आणि काका छातीपासून खाली चिंब. घर पाऊण किलोमीटरवर. पण आठला लाईट जाणार, पट्टा अर्धा राहणार, म्हणून तिथंच थांबले.

साडेपाचला शेजारच्या वावरातला माणूस जागलीवरून परतत होता. काका धुऱ्यावर बसलेले, स्वेटर काढून बाजूला टाकलेला. बोलणं जड, शब्द एकमेकांत गुंतलेले. त्याला म्हणाले, "स्टार्टर बंद कर", पण हाक मारली माझ्या वडिलांच्या नावानं. वडिलांना जाऊन नऊ वर्षं झाली. उभं राहायला गेले तर झोकांडी. तो माणूस घाबरला नाही, हसला. मला फोन करून म्हणतो, "तुहा काका पिऊन हाये, घेऊन जाय."

सात वाजेपर्यंत ही बातमी गावभर होती.

आता आम्ही काय काय केलं ते ऐका. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून, ओल्याच कपड्यांत घरी आणलं. चुलीपुढे बसवून तळपाय खसाखसा चोळले. काकूंच्या भावानं कुठून तरी 'औषध' म्हणून बाटली आणली, ती काकूंनी अंगणात भिरकावली. काखेत थर्मामीटर लावलं तर आकडाच नाही, इंग्रजीत 'लो' अशी दोन अक्षरं. सेल गेला असेल म्हणून शेजाऱ्यांचं आणलं. त्यातही तेच. तेवढ्यात आशाताई आल्या. पोटाला हात लावला आणि म्हणाल्या, "सेल नाही गेला दादा. काका गार पडले. हे मशीन ३२ च्या खाली मोजतच नाही."

जिल्ह्याच्या गावी मॉनिटरला लावल्यावर ३१.६ निघालं. दोन दिवस ठेवून घेतलं, आता ठीक आहेत. चुलीपुढे बसवल्यामुळे उजव्या पायाला फोड आलाय तेवढा.

माझा प्रश्न असा की त्या रात्री मोबाईलवर ९ अंश दाखवत होतं. बर्फ नाही, गारा नाही. ९ अंशात माणूस एवढा गार पडतो?

---

बाप्पा_रे (वऱ्हाड)

भौ, काकाले बरं हाये हे वाचून जीव भांड्यात पडला. आमच्या गावात दर हिवाळ्यात एखाद-दुसरा बुढा 'झोपीतच गेला' असं होते. कायनं गेला हे कोणी इचारत नाई. मे महिन्यात गेला की लगेच म्हणतात ऊन लागलं. हिव लागून माणूस मरते हे आपल्या डोक्शातच नाई.

---

नागपुरी_संत्रं

विदर्भात थंडी? पंधरा दिवसांचा पाहुणा तो. आपला खरा वैरी मे महिना. काकांचं वाईट झालं, पण वय झालं की असं काही ना काही होतंच. उगाच घाबरवू नका लोकांना.

---

सिस्टर_यवतमाळ

मी नर्स आहे, बावीस वर्षं झाली. धागाकर्त्यांनी जे लिहिलंय ते पाठ्यपुस्तकात छापावं असं आहे. जड बोलणं, झोकांडी, हातातून वस्तू पडणं, भलत्याच माणसाचं नाव घेणं. शरीराच्या आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की मेंदू मंदावतो. दारूनंही मेंदू मंदावतो, म्हणून दोन्ही सारखंच दिसतं. वास येत नसेल तर पिलेला आहे असं धरूच नका. वास येत असेल तरी धरू नका, कारण प्यायलेला माणूस आणखी लवकर गार पडतो.

शरीर काय करतं ते थोडक्यात सांगते. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो आतलं तापमान ३७ च्या आसपास धरून ठेवतो. बाहेर गारठलं की तो आधी कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतो. रक्त हातापायांतून आत ओढलं जातं, म्हणून बोटं पांढरी पडतात, नखं निळी दिसतात. हातपाय गार पडले तरी चालतील, काळीज गरम राहिलं पाहिजे, असा त्याचा हिशेब. तेवढ्यानं भागलं नाही तर हुडहुडी भरते. कुडकुडणं म्हणजे स्नायू ऊब तयार करायला फुकट राबतात, आणि जोरात कुडकुडलं तर विश्रांतीच्या पाचपट उष्णता निघते. पण त्याला इंधन लागतं. रात्री भाकरीचा तुकडा खाऊन निघालेल्या ६८ वर्षांच्या माणसात ते किती असणार? स्नायूही आटलेले असतात, रक्तवाहिन्या तरुणपणासारख्या झटकन आवळत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसाला थंडी उशिरा जाणवते. 'मले काही हिव वाजत नाई' असं म्हणणाऱ्या बुढ्याचीच जास्त काळजी करावी.

३५ ते ३२ पर्यंत माणूस कुडकुडतो. ३२ च्या खाली गेलं की कुडकुडणं मंदावतं आणि हळूहळू थांबतं. घरच्यांना वाटतं, चला, थंडी गेली. ती गेलेली नसते, शरीरच हरलेलं असतं. २८ च्या खाली हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकतात. म्हणून अशा माणसाला मोटरसायकलवर हादरे देत नेऊ नये. आडवं ठेवून, अलगद उचलून न्यावं.

वावरवाला, काकांचं अंग थरथरत होतं का हो तेव्हा?

---

वावरवाला

नाही सिस्टर. तेच तर. अगदी शांत होते. आम्हाला त्याचंच बरं वाटलं होतं.

---

मास्तर_वाशीम

९ अंशात कसं, या प्रश्नावर माझं गणित. (निवृत्त विज्ञान शिक्षक, सवय जात नाही.)

९ अंश हे हवेचं तापमान. काका हवेत नव्हते, ओल्या कपड्यांत होते. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. धोतर, बंडी आणि स्वेटरनं मिळून एक लिटर पाणी धरलं असेल, लोकरीचा स्वेटर तेवढं आरामात पितो. एक लिटर पाणी अंगावर वाळायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे दिवसभराच्या जेवणाच्या पाव हिश्शाहून जास्त. पंचावन्न किलोच्या माणसाचं अंग एक अंशानं उतरायला साधारण ४६ किलोकॅलरी गमवाव्या लागतात. भागाकार तुम्हीच करा. सगळीच उष्णता अंगातून जात नाही, थोडी हवाही देते, शिवाय शरीर नवी तयार करत असतं. पण अडीच तासांत पाच-सहा अंश उतरायला बर्फ कशाला हवा? ओलं धोतर आणि मेळघाटचं वारं पुरलं.

कोरड्या अंगानं, दोन स्वेटर घालून ९ अंशात रात्र काढता येते. ओल्या अंगानं १५ अंशांतही माणूस जाऊ शकतो.

---

पऱ्हाटी

मास्तर, एक शंका. आमच्या विहिरीचं पाणी हिवाळ्यात पहाटे कोमट असते, वाफा निघतात त्यातून. मी त हात गरम कराले पाईपाखालीच धरतो. मंग कोमट पाण्यानं भिजून माणूस गार कसा पडते?

---

मास्तर_वाशीम

चांगली शंका आहे. खोल जमिनीतलं पाणी वर्षभर जवळपास सारखंच असतं, त्या भागाच्या वर्षाच्या सरासरी तापमानाएवढं. आपल्याकडे ते २६-२७ अंश. मे महिन्यात तेच पाणी गार लागतं आणि जानेवारीत कोमट. पाणी बदलत नाही, आपला हात बदलतो.

पण तेच पाणी नोझलमधून थेंबाथेंबानं उडालं की हवेतच थंड होतं. आणि पाईपाखाली हात धरता तोवर बरं, बाहेर काढला की बाष्पीभवन सुरू. हात गरम करून पुसत असाल तर ठीक. पुसत नसाल तर सोडा ती सवय.

---

पऱ्हाटी

बनियनले पुसतो 😀

---

फौजी_बुलढाणा

रिटायर्ड. दोन हिवाळे सियाचीनला काढले. तिकडची गोष्ट वेगळी, उणे चाळीस-पन्नास. पण तिथं बर्फापेक्षा घामाची भीती जास्त दाखवतात. घामानं बनियन भिजलं, मग थांबलात, की संपलं. म्हणून काम करताना एक थर काढायचा, थांबताना घालायचा. आपल्या लोकांचं उलट. पाईप ओढताना स्वेटर घालून घाम काढतात आणि बसल्यावर 'गरम झालं' म्हणून काढून ठेवतात.

तिथं शिकलेली एक चाचणी सांगतो. जोडीदाराला म्हणायचं, अंगठा करंगळीला लावून दाखव. लावता आला नाही तर बोटांचे स्नायू मंदावलेत, त्याला आत घ्या. पैसे लागत नाहीत, मशीन लागत नाही. आणि एकट्यानं जायचंच नाही, कारण ज्याचा मेंदू गार पडतो त्यालाच ते कळत नाही. काका घरी का आले नाहीत? हट्टानं, असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं पहाटे चारनंतर तो निर्णय घेणारा मेंदूच जागेवर नव्हता.

स्वेटर काढून टाकला होता त्याबद्दल: ओला लागत असेल म्हणून काढला असेल. पण फार गार पडलेली माणसं शेवटी शेवटी अंगावरचे कपडे स्वतःच फेडतात. आवळलेल्या रक्तवाहिन्या थकून सैल पडतात, गरम रक्त एकदम कातडीत येतं आणि माणसाला आग आग होते. डोंगरात असे उघडे मृतदेह सापडले की लोक भलतेच तर्क करतात.

---

मोहफूल

सिस्टर, फौजीसाहेब, सगळं मान्य. पण दोन घोट घेतले की छातीत ऊब येते ही तर अनुभवाची गोष्ट आहे ना? आमच्याकडे जागलीला जाणारा माणूस बाटली घेऊनच जातो. आजोबा-पणजोबा वेडे होते का?

---

सिस्टर_यवतमाळ

ऊब येते, खोटं नाही. पण ती कुठून येते ते पाहा. शरीरानं कातडीच्या रक्तवाहिन्या आवळून आतली ऊब कोंडून ठेवलेली असते. दारू ते दार उघडते. गरम रक्त कातडीत येतं, जाणवतं छान, आणि तिथून ऊब हवेत जाते. वर हुडहुडी कमी होते, म्हणजे तयार होणारी उष्णताही कमी. कणगीचं तोंड उघडून धान्य सांडतंय आणि तुम्ही म्हणताय, बघा किती धान्य दिसतंय.

आजोबा वेडे नव्हते. त्यांच्या वेळी जागलीला खोपडीत चार जण असत आणि मधे जाळ असे. दारूमुळे नाही, त्या जाळामुळे आणि त्या तिघांमुळे ते वाचले.

---

मोहफूल

कणगीचं पटलं. 🙏

---

नागपुरी_संत्रं

पण मंडळी, आकडे बघा ना. चंद्रपूर-नागपूरला ४६-४७ अंश. थंडी ती कितीशी?

---

मास्तर_वाशीम

आकडेच बघू. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचं किमान तापमान ३.५ होतं. तुमच्याच गावचं. गोंदिया तर बऱ्याच हिवाळ्यांत विदर्भाच्या यादीत तळाशी. हवामान खात्याच्या हिशेबानं मैदानी भागात किमान १० किंवा त्याखाली आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त घसरण असली की थंडीची लाट. ४ किंवा त्याखाली गेलं की सरासरी बघायचीही गरज नाही.

दुसरं. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १३ देशांतल्या ३८४ ठिकाणांचा अभ्यास आला होता, ७ कोटींहून जास्त मृत्यूंच्या नोंदी घेऊन. भारत त्यात नव्हता. थंडीशी जोडलेले मृत्यू ७.२९ टक्के, उष्णतेशी जोडलेले ०.४२ टक्के. आणि त्यातले बहुतेक कडाक्याच्या थंडीतले नाहीत, साध्यासुध्या, रोजच्या गारठ्यातले. थायलंड-ब्राझीलसारखे उष्ण देशही त्यात होते. ऊन माणसाला भर दुपारी रस्त्यावर पाडतं, ते दिसतं. थंडी आठ-दहा दिवसांनी घरात, हृदयाच्या किंवा फुफ्फुसाच्या नावावर नेते.

उन्हाळा छोटा आहे असं मी म्हणत नाही. फक्त उन्हाळ्यासाठी आपल्याकडे कूलर आहे, माठ आहे, दुपारी न निघायची शिस्त आहे. हिवाळ्यासाठी काय आहे? कवेलूचं छप्पर आणि फटींची दारं. घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, कपाटात एकच स्वेटर, तोही लग्नात मिळालेला.

---

संत्रामळा (वरुड)

हृदयाचं काय ते जरा सांगा ना. वडील ७१. मे महिन्यात बीपी १३० वर होतं म्हणून त्यांनी स्वतःच अर्धी गोळी केली. आता डिसेंबरात १६५. शिवाय रात्री चार वेळा लघवीला उठतात. शुगर तपासली, नॉर्मल आहे.

---

सिस्टर_यवतमाळ

दोन्हीचं मूळ एकच. रक्तवाहिन्या आवळल्या की तेवढंच रक्त लहान नळ्यांतून ढकलावं लागतं, बीपी वाढतं. हातापायांतलं रक्त पोटाकडे-छातीकडे आल्यावर मूत्रपिंडांना वाटतं की अंगात पाणी जास्त झालं, ती बाहेर टाकायला लागतात. म्हणून थंडीत लघवी जास्त. वर तहान लागत नाही म्हणून माणूस पाणीही पीत नाही. मग रक्त घट्ट होतं, गुठळी व्हायची शक्यता वाढते. पहाटे तर बीपी तसंही चढतं. झटका आणि लकवा हिवाळ्यात पहाटे का जास्त येतात ते यात आलं.

वडिलांना गोळी स्वतःच्या मनानं अर्धी करू देऊ नका, पूर्णही करू देऊ नका. डॉक्टरांना दोन्ही आकडे दाखवा, उन्हाळ्याचा आणि आताचा. आणि रात्री पांघरुणातून उठून एकदम अंगणात जाऊ देऊ नका. आधी बाजेवर बसावं, अंगात काही घालावं, पायात चप्पल, मग उठावं.

---

झाडीपट्टी (गडचिरोली)

इथे एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सिकलसेल. आपल्या पूर्व विदर्भात बऱ्याच घरांत 'एएस' (नुसता वाहक) नाहीतर 'एसएस' (आजार असलेला) आहे. माझी भाची एसएस. तिच्यासाठी थंडी म्हणजे दुखणं, शब्दशः. प्राणवायू सोडल्यावर तिच्या लाल पेशी वाकतात, विळ्यासारख्या होतात. थंडीनं बारीक नळ्या आवळल्या की त्या पेशी तिथं जास्त वेळ रेंगाळतात, आणखी वाकतात, अडकतात. मग पायात, कमरेत, पाठीत असा ठणका उठतो की पोरगी रात्रभर ओरडते.

ती वसतिगृहात होती. पहाटे पाचला सगळ्या पोरींची थंड पाण्याची अंघोळ, शिस्त म्हणून. एका हिवाळ्यात तीनदा ॲडमिट केली. आम्ही लेखी कागद दिल्यावर गरम पाणी मिळायला लागलं. कुणाला दोष देत नाही, त्यांना माहीतच नव्हतं. पण विचार करा, पन्नास पोरींच्या रांगेत अशा किती असतील आणि 'नाटक करते' म्हणून किती जणींना बोलणी बसत असतील.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आहे. गावोगाव तपासणी होते. कार्ड मिळालं की कपाटात ठेवू नका, हिवाळ्याआधी शाळेत दाखवा. कोमट पाण्याची अंघोळ, पायमोजे, आणि थंडीतही भरपूर पाणी. एवढ्यावर भाचीचे दोन हिवाळे बरे गेले.

---

वावरवाला

झाडीपट्टी, हे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे 'हातपाय दुखतात' म्हणणाऱ्या पोराला आधी दोन धपाटेच बसतात.

---

आशाताई_२ (धागाकर्त्यांच्या गावच्या नव्हे, दुसऱ्या)

पोटाला हात लावून बघितलं हे वाचून बरं वाटलं. हे आम्हाला बाळांसाठी शिकवतात. बाळाचं पोट गरम आणि तळपाय गार, तर बाळ गारठायला लागलंय. पोट आणि पाय दोन्ही गार, तर धोका. थर्मामीटर नसलं तरी हाताची पालथी बाजू पुरते.

नवजात बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्या मानेजवळ, पाठीत खांद्यांच्या मधे वेगळी तपकिरी चरबी असते, ती जाळून ते ऊब करतं. कमी दिवसांच्या, दीड-दोन किलोच्या बाळात ती चरबी फारच कमी असते. आणि आपल्याकडे काय करतात? जन्मल्या जन्मल्या अंघोळ. किमान चोवीस तास तरी थांबा हो. पुसून कोरडं करा, टोपरं घाला, आईच्या उघड्या छातीला लावा, वरून शाल. याहून चांगली शेगडी नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांनाच शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, ३९ गावांत. बाळांना ऊबदार ठेवणं हा त्यातला मोठा भाग. नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले, ते १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. आज देशभर आशा बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात, त्याची मुळं आपल्या विदर्भात आहेत. सासवा मात्र अजून आम्हाला म्हणतात, आम्ही काय पोरं वाढवली नाहीत का?

---

गोंदियाकर

टोपरं बरोबर, पण बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवतात त्याचं काय? आमच्याकडे मातीची गोरसी असते, पेटते निखारे भरून दार-खिडकी लावून झोपायचं. धूर नाही म्हणून सगळे निवांत. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप लागते, ती लागते. माझ्या आत्याच्या घरी दोघं बेशुद्ध मिळाले होते. मांजर ओरडलं म्हणून शेजारी उठले. वाचले.

खोली गरम करायची तर करा, पण झोपायच्या आधी गोरसी बाहेर ठेवा.

---

बाप्पा_रे

आमची बुढी म्हणे, धूर असला त डोये जातात, धूर नसला त माणूस जाते. आम्ही हसत होतो तिले.

---

कापूस_कोंड्याची_गोष्ट

रात्रीची लाईट बंद करून दिवसाची द्या, सगळे प्रश्न सुटतात. कोणत्याही सरकारला विचारा काहून देत नाही. ज्याला त्याला शहरातले एसी...

---

संपादक

रात्रीच्या लाईटवर आधीच चार धागे आहेत, तिथं जरूर लिहा. इथं थंडीवर राहू या.

---

कापूस_कोंड्याची_गोष्ट

थंडीवरच तर लिहीत होतो साहेब. बरं राहू द्या.

---

पऱ्हाटी

मले सांगा, असा गार पडलेला माणूस सापडला त नेमकं काय कराचं? वावरवाल्यानं जे केलं ते सगळं चूक होतं का?

---

सिस्टर_यवतमाळ

चूक म्हणणार नाही, कुणी शिकवलेलंच नव्हतं. पण पुढच्या वेळी असं करा.

आधी वाऱ्यातून आडोशाला घ्या. ओले कपडे उतरवा, ओढाताण न करता, लागलं तर कात्रीनं कापा. कोरडं करा. जमिनीवर झोपवू नका, खाली पोतं, तुराट्यांचा थर, काहीही घाला, कारण जमीन ऊब ओढते. मग गोधडी, चादरी, डोकं आणि मान झाकून. वावरात काहीच नसेल तर युरियाची रिकामी प्लॅस्टिकची गोणी, पावसात खोळ करतात तशी. वारा अडला की निम्मं काम झालं. एखाद्यानं उघड्या अंगानं गोधडीत शिरून त्याला जवळ घ्यावं. ऊब छातीला, काखेत द्या. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवा. हातपाय आधी शेकू नका, चोळू नका. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड येतो. काकांना आला तसाच. आणि हातापायातलं थंडगार रक्त एकदम काळजाकडे गेलं तर तेही बरं नाही.

शुद्धीत असेल, गिळता येत असेल, तर गरम गोड चहा, गूळपाणी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही नाही. १०८ ला फोन करा.

आणि एक. अंग गार, नाडी लागत नाही, श्वास दिसत नाही, म्हणून 'गेला' म्हणून रडारड सुरू करू नका. गार पडलेल्या माणसाची नाडी इतकी मंद असते की पूर्ण मिनिटभर बघावी लागते. नॉर्वेत १९९९ मध्ये एक तरुण डॉक्टर बाई बर्फाखालच्या पाण्यात अडकली होती, अंगाचं तापमान १३.७ पर्यंत उतरलं होतं. ती वाचली आणि पुन्हा कामावर गेली. थंडीत मेंदूला प्राणवायू कमी लागतो, म्हणून वेळ मिळतो. आमच्यात म्हणतात, गरम करून बघितल्याशिवाय कोणाला मेलेलं म्हणायचं नाही.

---

फौजी_बुलढाणा

शंभर टक्के. आणि शेकोटीबद्दल एवढंच की समोरून भाजतं, पाठ गोठते. पाठीला काहीतरी आडोसा हवाच. तुरीच्या पेंढ्या उभ्या करा, बैलगाडी आडवी लावा.

---

तीळगूळ_बाई

डिंकाचे लाडू, तीळ, जवसाची चटणी, बाजरीची भाकर यांचा उपयोग होतो की नुसतंच? सासूबाई रोज एक लाडू खायलाच लावतात आणि माझं वजन वाढतंय.

---

सिस्टर_यवतमाळ

होतो. चरबी-गूळ म्हणजे इंधन. पण ते वावरात पाईप ओढणाऱ्यासाठी. गोधडीत बसून मोबाईल बघणाऱ्यासाठी नाही. 😄 (मीही खाते.)

---

वावरवाला

सगळ्यांचे आभार. धागा काकांना वाचून दाखवला. सगळा ऐकला, मधे दोनदा झोपले.

आता ठरलंय ते असं. रात्रीच्या पाळीला दोघं जाणार, मी किंवा चुलतभाऊ सोबत. मोटरीच्या खोलीत एका पत्र्याच्या डब्यात कोरडं धोतर, बनियन, जुनी चादर आणि प्लॅस्टिकची गोणी. थर्मासमध्ये गुळाचा चहा. पाईप बदलायचे तर रेनकोटची पँट घालून. दर तासाला अंगठा-करंगळी, हे काकांना फार आवडलं, आता येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांकडून करून घेतात. सरपंचांकडूनही करून घेतलं.

शेवटी मी विचारलं, धाग्यावर तुमच्याकडून काही लिहू का? म्हणाले, "आधी हे लिही की मी पिलो नव्हतो. मंग बाकीचं."

तर, काका पिलेले नव्हते.

---

बाप्पा_रे

काकाले राम राम सांगा. तुमच्या शेजारच्या वावरवाल्याले हा धागा पाठवला का?

---

वावरवाला

पाठवला. त्यानं अंगठ्याची खूण टाकली आहे. आणि काल रात्री दोन वाजता फोन करून विचारत होता, "भौ, तुमच्या डब्यात एखादी चादर जास्तीची हाये का?"